उम्मीला वाळूत नेलं तो दिवस

हिवाळा सरत आला तशी म्हातारी तिब्रा रोज सकाळी बोचकं बांधू लागली. बोचक्यात लोकरीची शाल असायची, उशीखाली दडवलेले खजूर असायचे, कधी चहाचा पेला, एकदा तर टीव्हीचा रिमोट निघाला. बोचकं काखोटीला मारून ती दाराशी उभी राहायची आणि सुनेवर खेकसायची, की कळप पुढे गेला, माणसं पुढे गेली, तुझं अजून आवरतंच आहे. सून सासिया दाराला आतून कुलूप घाली आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवी. मग म्हातारी आधी दार बडवी, आणि दार ऐकत नाही म्हटल्यावर सासियाला.

तिब्राचं लग्न तंबूत झालं होतं, बाळंतपणंही तंबूतच झाली होती. पुढे सरकारने वाळवंटाच्या काठी, दूझमध्ये विहिरी खणल्या, घरं दिली, शाळा काढली, तेव्हा नवऱ्यामागून ती मुकाट भिंतींच्या आत आली. इतकी वर्षं तिने भिंतींबद्दल ब्र काढला नाही. पण डोकं विझू लागलं तेव्हा ती सगळ्यात आधी भिंतीच विसरली. मग नातवंडांची नावं गेली, मग मुलांची. सासियाला ती गम्रा म्हणायची. गम्रा तिची सवत, मरून किती वर्षं झाली होती. त्यामुळे सासियाच्या वाट्याला सुनेच्या शिव्या येतच नसत, सवतीच्या यायच्या, आणि त्या ऐकताना शेजारणी पदर तोंडाला लावून हसायच्या.

सासिया हसण्याच्या पलीकडे गेली होती. म्हातारीचे कपडे दिवसातून चारदा बदलावे लागत. घास भरवताना ती बोट चावायची. झोपताना सासिया तिच्या शालीचं टोक आपल्या मनगटाला बांधून घ्यायची, म्हणजे ती उठली की ओढ लागेल. ओढ सारखीच लागायची. मुलगी शिकायला सफाकसला होती. नवरा बलगासम गाबेसच्या बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, एकाआड एक शुक्रवारी घरी यायचा. येताना उम्मीसाठी, म्हणजे आईसाठी, संत्री आणायचा, तिच्या पायाशी बसून ती सोलायचा, आणि तिने त्याला ओळखलं नाही की अंगणात जाऊन सिगरेट ओढत बसायचा. त्याची बहीण ट्यूनिसला. ती फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायची. उम्मीला जवाचं सूप द्या, उम्मीला उन्हात बसवा, उम्मीशी जुन्या गोष्टी बोला.

वाळूत न्यायची कल्पना या बहिणीचीच. वसंताच्या सुट्टीत गावातली निम्मी घरं एखादा दिवस वाळूत जातात, भाकरी भाजतात, चहा उकळतात आणि संध्याकाळी परततात. उम्मीलाही न्या, तिचा जीव शांत होईल, असं ती म्हणाली. बलगासमला ते एकदम पटलं. त्याने चुलतभावाला, मिस्बाहला, त्याचा पिकअप घेऊन यायला सांगितलं. मिस्बाह पर्यटकांना वाळूत फिरवायचा. लठ्ठ, गमत्या माणूस. गाडीत पुढच्या सीटवर म्हातारीला बसवताना तो म्हणाला, "ये गं काकू. तुला बघून मोठमोठे उंट गुडघे टेकायचे, ही तर साधी गाडी."

म्हातारीने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "तू खातोस किती?"

सगळे हसले. सासियासुद्धा. ती मागच्या बाजूला बलगासमशेजारी कणकेचा डबा, पाण्याचे कॅन, सरपण आणि बदलायच्या कपड्यांची पिशवी घेऊन बसली होती. आदल्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, कारण गाडीची गोष्ट कानावर पडल्यापासून म्हातारी सारखी उठत होती.

खजुरांच्या बागा संपल्या, मग डांबर संपलं. मिस्बाहने उतरून चारही चाकांतली हवा कमी केली. पुढे आधी झुडपांच्या मुळाशी साठलेल्या बुटक्या टेकड्या, मग मोकळी वाळू. गाडी वर चढायची, माथ्यावर क्षणभर आभाळाकडे तोंड करून थांबायची आणि नाक खाली करून घसरायची. मागे बसलेली सासिया दर वेळी एका अंगाला घसरायची. ती डबा मांडीत घट्ट धरून बसली. पुढे मात्र म्हातारी ताठ बसली होती आणि हाताने दाखवत होती, इकडून नको, तिकडून घे, विहीर तिकडे. मिस्बाह तिचं ऐकल्यासारखं करत होता आणि मग खरंच ऐकू लागला.

जायचं होतं बीर रतम नावाच्या जुन्या विहिरीपाशी. पूर्वी तिब्राच्या माणसांचा वसंतातला मुक्काम तिथे पडायचा. विहीर आता बुजली होती असं लोक म्हणत. तिच्या अलीकडे मोठ्या टेकड्या लागल्या तेव्हा मिस्बाहने एका टणक पांढऱ्या सपाटीवर गाडी उभी केली. म्हणाला, याच्यापुढे गाडी घातली तर परत निघायला उद्या उजाडेल. इथून पुढे पायी.

म्हातारी गाडीतून उतरली आणि तिने आधी चपला काढल्या. घरात मोरीपर्यंत जायला जिला धरावं लागायचं ती बाई वाळूवर चालू लागली. पाय आडवा टाकत, पुढे झुकून, न थांबता. चाळीशीतला मुलगा मागून धापा टाकत आला. रतमची झुडपं पांढरी फुलली होती. म्हातारीने एक फांदी तोडून हुंगली, मग आपल्या निळ्या गोंदलेल्या हनुवटीवरून फिरवली आणि म्हणाली, "बलगासम, यंदा पाऊस बरा झालाय."

वर्ष झालं असेल तिने त्याचं नाव घेतल्याला. बलगासम वाळूत मट्‌कन बसला. मोठा धिप्पाड माणूस, पण लहान पोरासारखा रडू लागला. म्हातारीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि मग पुढे चालू लागली.

सासियालाही भरून आलं. ती त्याच्या शेजारी उकिडवी बसली. तो डोळे पुसत म्हणाला, "बघितलंस? काही झालेलं नाही तिला. तू तिला कुलपात ठेवतेस, म्हणून ती तशी वागते."

तो रागावून बोलला नाही. आनंदाच्या भरातच बोलला, आणि बोलून विसरूनही गेला. सासियाने कणकेचा डबा उचलला आणि बसायला बरी जागा शोधू लागली.

एका उंच टेकडीच्या पायथ्याला त्यांनी जाळ केला. मिस्बाहने निखारे बाजूला सारून तापलेल्या वाळूत भाकरी थापली, वरून वाळू आणि निखारे ओढले. भाकरी निघाल्यावर त्याने ती झटकली, कापडाने पुसली आणि पहिला तुकडा म्हातारीला दिला. तिने आपल्या हाताने खाल्ला. तेल आणि हरीसाची तिखट चटणी लावून दुसराही खाल्ला. बलगासम एकसारखा तिच्याकडे पाहत होता. मोबाइलवर त्याने तिचा फोटो काढला आणि बहिणीला पाठवायला रेंज शोधत टेकडीवर जाऊन आला. मिस्बाह आभाळाकडे बघून म्हणाला की पश्चिमेला जरा पिवळट दिसतंय, फार उशीर करायला नको. मग त्यानेच तीन वेळा चहा उकळला.

जेवणं झाल्यावर बलगासमला विहीर बघायची हुक्की आली. लहानपणी त्या विहिरीत त्याचा बाप त्याला दोर लावून उतरवायचा, ती बुजली की आहे ते बघून येऊ, असं तो म्हणाला. मिस्बाहने आळस दिला, पण उठला. निघताना बलगासम सासियाला म्हणाला, "उम्मीकडे बघ. येतोच आम्ही."

ते दोघं टेकडीला वळसा घालून उत्तरेकडे गेले. त्यांचं बोलणं थोडा वेळ ऐकू आलं, मग तेही थांबलं.

सासिया पेले घासत बसली. पाणी जपायचं म्हणून ती वाळूनेच घासत होती. म्हातारी जाळाजवळ पाय पसरून बसली होती. जरा वेळाने ती उठली. कंबरेचा पट्टा आवळला. उरलेला भाकरीचा तुकडा शालीच्या टोकात बांधला, शाल खांद्यावर टाकली आणि दक्षिणेकडची टेकडी चढू लागली.

सासियाने पाहिलं. खरं म्हणजे ती उठली असती, तर दहा ढांगांत तिला गाठलं असतं. सहा वर्षं ती तेच करत आली होती, म्हातारी हलली की उठायचं. तिचे पाय सवयीने सरसावलेसुद्धा. पण मग तिच्या मनात आलं, कुलपात ठेवते ना मी हिला. जाऊ दे की चार पावलं. तिची वाळू आहे, तिला माहीत आहे. आणि ती बसून राहिली.

म्हातारी वर पोचली. माथ्याच्या धारेवर ती थांबली आणि वळली. तिथून तिला सासिया दिसत असणार, जाळ दिसत असणार, सपाटीवरची गाडीही. तिने हात वर केला. हाक मारतात तसा, किंवा निरोप घेतात तसा, खालून काही कळण्यासारखं नव्हतं.

सासियानेही हात वर केला.

मग म्हातारी पलीकडे उतरली आणि माथा मोकळा झाला.

सासियाने शेवटचा पेला घासून उलटा ठेवला. आता उठू, असं ती मनाशी म्हणाली. पण आजूबाजूला कोणी नव्हतं. कोणी गम्रा म्हणून ओरडत नव्हतं, मनगटाला ओढ नव्हती, दार वाजत नव्हतं. इतकी शांतता तिने कधी ऐकली होती ते तिला आठवेना. ती पाठीवर आडवी झाली. वाळू उबदार होती. एकदा डोळे मिटते आणि उठते, एवढंच तिने ठरवलं. आणि मिटल्या डोळ्यांनी तिने आणखी एक गोष्ट मनात आणली. शब्दांत नाही आणली, पण आणली. ही परत आलीच नाही तर.

गालावर वाळू टोचली तेव्हा तिला जाग आली. आभाळ तांबूस झालं होतं. टेकड्यांच्या माथ्यांवरून धूर निघावा तशी वाळू उडत होती, आणि जाळ विझून त्यावर पातळ थर चढला होता. सासिया धडपडत उठली. दक्षिणेच्या टेकडीवर म्हातारीची पावलं खालच्या अंगाला अजून दिसत होती, पण वरच्या अंगाला नव्हती.

तेवढ्यात पुरुष आले. डोकं आणि तोंड फडक्याने गुंडाळून, वाऱ्याला पाठ देत आले. बलगासमने लांबूनच विचारलं, "उम्मी कुठे आहे? गाडीत बसवलंस?"

"इथंच होती," सासिया म्हणाली. "मी पेले घासत होते. आत्ता इथंच होती."

तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. खोटं बोलायचं असं तिने ठरवलं नव्हतं. जीभच ते बोलून बसली.

बलगासम गाडीकडे धावत गेला, परत आला. म्हणाला, ती विहिरीकडे गेली असणार, सकाळपासून तिच्या तोंडी विहीर होती, आम्ही टेकडीच्या या अंगाने आलो, ती त्या अंगाने गेली असेल. मिस्बाह जमीन बघत होता, पण जाळाभोवती सगळ्यांच्या पावलांचा काला झाला होता आणि वारा त्याच्यावरून हात फिरवत होता. त्याने सासियाला विचारलं की म्हातारीने कुठल्या बाजूला तोंड केलं होतं, काही आठवतं का. दक्षिण एवढाच शब्द होता. तो म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं आणि मग पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. कधी गेली, तू पाहिलंस, मग उठली का नाहीस. सासियाने नकारार्थी मान हलवली. ते दोघं उत्तरेला पळाले. बलगासम जाताना ओरडून सांगत होता, की तू गाडीत बस, हॉर्न वाजवत राहा.

ती गाडीपर्यंत गेली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तिने हॉर्न दाबला. त्या आवाजाने तिचं मन ताळ्यावर आलं म्हणा, किंवा सुटलं म्हणा. तिने हॉर्नच्या बटणावर पाण्याचा भरलेला कॅन टेकवून बघितला. तो वाजत राहिला. मग दुसरा छोटा कॅन खांद्याला लावून ती उतरली आणि दक्षिणेची टेकडी चढू लागली.

वाळू पायाखालून सरकत होती. दोन पावलं वर जावं तर एक खाली यावं. माथ्यावर वाऱ्याने तिला जवळजवळ पाडलं. पलीकडे काहीच दिसत नव्हतं, तांबड्या धुरात टेकड्यांच्या पाठी तेवढ्या मधूनमधून वर येत होत्या. ती उतरली. "उम्मी" म्हणून हाका मारू लागली. तोंडात वाळू गेली. मग तिच्या लक्षात आलं की म्हातारी त्या हाकेला कधीच ओ देत नाही, आणि ती "तिब्रा, ए तिब्रा" म्हणून ओरडू लागली, सवत ओरडेल तशी. पुढची टेकडी चढली, तिच्या पुढची चढली. मागे हॉर्न ऐकू येत होता, कधी जवळून, कधी फार लांबून. किती वेळ गेला ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. एकदा ती पडली आणि तोंड झाकून तशीच पडून राहिली. त्या वेळी तिला खूप रडायला आलं, पण ते कोणासाठी हेही तिला सांगता आलं नसतं.

दोन टेकड्यांच्या मधल्या खळग्यात रतमचं एक मोठं झुडूप होतं. त्याच्या आडोशाला काहीतरी काळं दिसलं. म्हातारी गुडघे पोटाशी घेऊन, शाल डोक्यावरून ओढून बसली होती. पाठीवर वाळूचा ढीग झाला होता, कंबरेपर्यंत ती वाळूत होती. सासियाने हातांनी ती उकरून काढली. शाल बाजूला केली तेव्हा डोळे उघडे होते आणि ते तिच्याकडे बघत होते. ओठ निळे पडले होते. सासियाने कॅनच्या झाकणातून पाणी पाजलं. अर्धं सांडलं, थोडं आत गेलं.

"सासिया," म्हातारी म्हणाली. गम्रा नाही. "तू हात केलास ना. मला वाटलं, येतेस मागून. म्हणून इथं बसले मी."

सासियाने तिच्या गालांवरची वाळू पुसली. ती म्हणाली, "आले ना. आले बघ."

"उशीर केलास," म्हातारी म्हणाली. त्यात राग नव्हता. मुक्काम हलवताना मागे राहिलेल्या सुनेला म्हणावं तसंच ती म्हणाली. मग शालीचं टोक सोडून तिने भाकरीचा तुकडा काढला, वाळूने भरलेला, आणि सासियाच्या हातात दिला. खा म्हणाली. आणि सासियाने तो खाल्ला. दाताखाली वाळू करकरत होती, तरी शेवटचा कण खाल्ला.

मग तिने म्हातारीला पाठुंगळीला घेतलं. शालीने आपल्या पोटाशी गाठ मारून बांधलं, पूर्वी मुलीला बांधायची तसं. म्हातारी म्हणजे नुसती हाडं. हॉर्नच्या दिशेने ती चालू लागली. म्हातारी कानाशी पुटपुटत होती. मध्येच उंटाला हाकारताना काढतात तसा आवाज काढायची, मध्येच कोणाला तरी तंबूचा खांब नीट रोव म्हणून सांगायची. सासिया त्यावर हो हो म्हणत होती. दुसऱ्या टेकडीच्या अर्ध्यावर पुटपुटणं थांबलं. झोपली असेल, असं सासियाने स्वतःला सांगितलं. पण पाठीवरचं ओझं एकाएकी जड झालं होतं, डोकं तिच्या खांद्यावरून पुढे लोंबू लागलं होतं. लेकराला अंगाखांद्यावर वागवलेल्या बाईला झोपेचं ओझं कळतं. हे तसं नव्हतं. तरीही ती हो हो म्हणत चढत राहिली.

मिस्बाहने तिला शेवटच्या टेकडीच्या माथ्यावर पाहिलं. वारा उतरला होता, सूर्य बुडायच्या बेतात होता. ते विहिरीपर्यंत जाऊन, तिथून पुढे वेडंवाकडं फिरून परत आले होते, आणि गाडीत सासिया नाही हे पाहून बलगासम वेडापिसा झाला होता. तो धावत वर गेला, त्याने गाठ सोडली, आईला मांडीवर घेतलं. नाकाशी हात नेला, छातीला कान लावला. मग त्याने तिचे डोळे मिटले. मिस्बाहने डोक्याचं फडकं सोडून हातात घेतलं. वाळूत बसल्या बसल्या बलगासमने एक हात लांब केला आणि सासियाचा पाय धरला. तिचं पाऊल सोलवटून रक्ताळलं होतं.

"तू एकटी गेलीस," तो म्हणाला. "उम्मी परक्यासारखी एकटी गेली नाही. तुझ्या पाठीवर गेली. हे मी जन्मभर विसरणार नाही."

रात्रीत बातमी गावभर झाली. सकाळी बायका म्हातारीला आंघोळ घालायला जमल्या, आणि पाणी ओतायचा मान त्यांनी सासियाला दिला. कितीही पाणी ओतलं तरी वाळू निघतच होती. कानातून, केसांच्या मुळांतून, बोटांच्या बेचक्यांतून. एक म्हातारी शेजारीण सासियाच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "अशी सून देवाने सगळ्यांना द्यावी गं बाई. पोटच्या पोरीने केलं नसतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. सासियाने तांब्या खाली ठेवला, बाहेर जाऊन ओकली, आणि येऊन परत पाणी ओतू लागली. तेही त्यांना तिच्या मायेचंच लक्षण वाटलं.

ट्यूनिसची बहीण आली. तिने सासियाच्या कपाळाचं चुंबन घेतलं, हाताचं घेतलं, आणि उम्मीची चांदीची कडी सगळ्यांदेखत तिच्या हातात घातली. भावाला म्हणाली की यावर माझा हक्क होता, पण आता नाही.

माणसं पांगली, दुखवट्याच्या जेवणाची, कुस्कुसची मोठी भांडी घासून परत गेली, तेव्हा सासियाने बलगासमला सांगायचं ठरवलं. तो अंगणात सिगरेट ओढत बसला होता. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि सरळ बोलायला लागली. उम्मी कधी उठली, कुठली टेकडी चढली, माथ्यावरून तिने हात केला, आपण हात केला, आणि आपण झोपलो. मिस्बाहने विचारलं तेव्हा आपल्याला ठाऊक होतं आणि आपण मान हलवली. म्हातारी शेवटी काय म्हणाली तेही सांगितलं. काही म्हणजे काही ठेवलं नाही, मिटल्या डोळ्यांआड मनात आलेलं सुद्धा.

बलगासमने ऐकून घेतलं. सिगरेट बोटांपर्यंत जळत आली तरी त्याने ती टाकली नाही. सासिया वाट बघत होती. तो मारील, असं तिला वाटलं. घराबाहेर काढील, असंही वाटलं. दोन्हीसाठी ती तयार होती. एका परीने तिला तेच हवं होतं.

"हे कोणाला बोललीस?" त्याने विचारलं.

"कोणाला नाही."

"बोलू नकोस." मग सिगरेटचं थोटूक मातीत दाबून तो म्हणाला, "मलाही परत सांगू नकोस. मी दोन शुक्रवारांतून एकदा येणारा माणूस आहे. मला तुझ्याशी कुठल्या तोंडाने भांडता येणार आहे?"

तो उठला आणि आत जाऊन झोपला. सासिया अंगणातच बसून राहिली. एवढं सगळं सांगून टाकलं तरी छातीवरचं काही हललं नव्हतं. उलट आता ते दोघांचं झालं होतं, आणि दोघांनाही ते एकमेकांच्या डोळ्यांत बघताना दिसणार होतं.

तो गाबेसला गेला, येत राहिला. संत्री आणणं बंद झालं. घरात माणसं आली की मात्र तो ती गोष्ट सांगायचा. आधी थोडक्यात सांगायचा, मग पसरून सांगू लागला. त्याच्या सांगण्यात वारा आधी सुटायचा आणि म्हातारी त्यानंतर हरवायची. सासिया पहिल्या क्षणापासून टेकड्या पालथ्या घालायची. जितकं जास्त सांगावं तितका त्याचा आवाज वाढायचा, आणि सांगताना तो बायकोकडे कधीच बघायचा नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर मुलीला बघायला सफाकसहून पाहुणे आले. चांगलं घर होतं. मुलाच्या आईने चहा घेताना म्हटलं की तुमच्याबद्दल आमच्या कानावर आलंय, ज्या घरात आईनं सासूला असं सांभाळलं त्या घरची मुलगी म्हणजे डोळे मिटून घ्यावी अशी. बलगासमने तोंड उघडलं, पण त्या दिवशी त्याला जमलं नाही. पहिलं वाक्य त्याने दोनदा सुरू केलं आणि सोडून दिलं. मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती.

"सासिया, तूच सांग," तो म्हणाला. अंगणातल्या त्या रात्रीनंतर पहिल्यांदा त्याने तिच्याकडे बघितलं.

सासियाने किटली खाली ठेवली. हातातली कडी मागे सारली. आणि सांगायला लागली. वारा आधी सुटला, असं म्हणाली. उम्मी माझ्या शेजारी बसली होती, वाऱ्यात काही दिसेनासं झालं, आणि तेवढ्यात ती उठून गेली. मी एक क्षण न थांबता तिच्या मागे निघाले. पाहुणी डोळे पुसू लागली. मुलीनेही पुसले. सासिया सांगत गेली, टेकडीमागून टेकडी, आणि कुठेच अडखळली नाही. मग तिने सगळ्यांच्या पेल्यात परत चहा ओतला.